हिराबायची मागची खोली

मला मराठी येतं, एवढ्या एका भरवशावर मी मॉरिशसहून विमानात बसले. तो भरवसा विमानतळाबाहेरच्या टॅक्सीवाल्याने मोडला. "कृपया मला नेरूळ येथे सोडावे," असं मी त्याला म्हणाले. त्याने मान वळवून मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, साउथ से आया क्या?"

आपल्या मॉरिशसच्या व्हाक्वा गावातले जे कोणी अजून महाराष्ट्रात गेलेले नाहीत, त्यांनी ही तयारी ठेवावी. आपले खापरपणजोबा कोकणातून मॉरिशसला ऊस तोडायला आले, आपण घरात क्रिओल, ती फ्रेंच वळणाची बोली, बोलतो आणि मराठी शाळेसाठी, देवळासाठी आणि गणपतीसाठी राखून ठेवतो, हे तिथे कोणाच्या गावीही नसतं. त्यात मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारी. माझ्या मराठीला इस्त्री जरा जास्तच. बिनपगारी रजा काढून मी नवी मुंबईत शिकवायला निघाले तेव्हा आई म्हणाली, "त्यांना तू काय मराठी शिकवणार?" तिचा प्रश्न रास्त होता. तिथल्या एका छोट्या संस्थेला मराठी नकोच होतं. दहावीला इंग्रजीत दांडी उडालेल्या मुलींसाठी त्यांना फुकट इंग्रजी शिकवणारं कोणीतरी हवं होतं. मला इंग्रजी येत होतं आणि मराठी ऐकायचं होतं, म्हणून सौदा जमला.

ही नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. तेव्हा नवी मुंबई खरोखरच नवी होती, रस्त्यांवर झाडांपेक्षा खांब जास्त होते.

सारसोळे

सारसोळे हे नेरूळमधलं कोळ्यांचं गाव. नेरूळमधलं म्हणायचं ते आता. आधी गाव होतं, नेरूळ नंतर त्याच्याभोवती उभं राहिलं. एका अंगाला सेक्टरांचे आकडे, सोसायट्या आणि गेटवरचे वॉचमन. रस्ता ओलांडला की वाळत घातलेले बोंबील, ओट्यावर जाळं दुरुस्त करणारा म्हातारा, आणि इतक्या अरुंद गल्ल्या की समोरून मासळीची पाटी घेऊन बाई आली तर आपण मुकाट्याने कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. पलीकडे तिवरांची झाडी आणि खाडी. निळ्या, नितळ समुद्राची सवय असलेल्या मला त्या खाडीतला चिखल पाहून रडूच यायचं बाकी होतं.

संस्थेने माझी सोय हिराबायकडे केली होती. हिराबाय नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. आवाज असा की तिने गल्लीच्या तोंडाशी "करुना!" म्हणून हाक मारली की चार घरांतली माणसं दारात यायची. करुणा तिची मुलगी, इंग्रजीत दोनदा नापास झालेली. मोठा मुलगा दिनेश न्हावा शेवा बंदरात कामाला होता, त्याचं लग्न माघात ठरलं होतं. नवरा मागेच वारला होता.

पहिल्या दिवशी मी हिराबायला म्हणाले, "मला थोडे पाणी मिळू शकेल का?"

ती बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "असं पुस्तकातलं बोलू नको गो, पोटात कसंतरी व्हतं. पानी दे म्हन, की देते."

तेव्हापासून मी पानी दे म्हणायला लागले. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि शेजारणींचं बोलणं यांवर माझे दिवस मजेत चालले होते. बोलणं निम्मंच कळायचं, पण जे कळायचं ते कानांना इतकं गोड लागायचं की बाकीच्याची तक्रार नव्हती. आपल्याकडे देवळातल्या भजनात ऐकलेले शब्द इथे बायका नळावर भांडताना वापरत होत्या!

घराच्या मागे एक खोली बांधायचं काम चालू होतं, दिनेशसाठी. लग्नानंतर नवरानवरी तिथे राहणार होती. मुलीच्या बापाने तशी अटच घातली होती: स्वतंत्र खोली असेल तर मुलगी देतो, नाहीतर पुढचं बघू. विटा कधी यायच्या ते मला कळायचंच नाही. सकाळी उठावं तर भिंत हातभर वर आलेली असायची. मीही घमेली उचलली. दिवाळीच्या सुमारास वर पत्रा चढला, आतून-बाहेरून गिलावा झाला, आणि माझा वर्ग ओट्यावरून त्या खोलीत गेला. संस्थेने दिलेला काळा फळा भिंतीवर लागला.

खोली पुरी झाली त्या दिवशी हिराबायने एक नवलच केलं. आत चूल मांडली, तीत ओली लाकडं आणि नारळाच्या शेंड्या घातल्या आणि दार ओढून घेतलं. दिवसभर धूर. संध्याकाळी ती नवीकोरी खोली आमच्या जुन्या साखर कारखान्यासारखी काळवंडली होती. वर तिने भिंतीला फाटकी जाळी टांगली. मी भारावून बघत राहिले आणि आईला पत्रात लिहिलं की कोळी लोकांत नव्या वास्तूला धुरी देऊन शुद्ध करतात, फार प्राचीन प्रथा दिसते.

निबंध

संक्रांतीच्या आधी मी मुलींना निबंध दिला: माझं घर. इंग्रजी शिकवणारा जगातला कोणताही मास्तर हा निबंध देतोच. घरात किती खोल्या, कोणती जुनी, कोणती नवी, कोणी कधी बांधली, आणि शेजारी घराचा नकाशा. मुलींनी जीव ओतून लिहिलं. करुणाने तर खिडकीसुद्धा जागच्या जागी काढली आणि खाली लिहिलं की मागची खोली नवी आहे, दादाने दिवाळीत बांधली. इंग्रजी वाक्य एकही चुकलं नव्हतं. मी खुशीत सगळे कागद घरी तपासायला घेतले.

दुसऱ्या दिवशी वर्गाला कोणी आलं नाही.

आधी मला वाटलं, कोणाकडे कार्य असेल. नळावर गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. पाच-सहा बायका एकदम गप्प होतात तेव्हा कसं वाटतं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. माझी कळशी भरेपर्यंत नुसता पाण्याचा आवाज. ओट्यावरच्या म्हाताऱ्याने जाळ्यातून मान वर केली नाही.

संध्याकाळी धर्मा पाटील आला. गावात त्याचा शब्द चालायचा. त्याची मुलगीही माझ्या वर्गात होती. तो आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"बाई, तुमी कोनाच्या?"

मला प्रश्न कळला नाही. मी मूळची कोकणातली, असं काहीतरी सांगू लागले.

"ते नाय. तुमाला पाटवलं कोनी? घरा मोजायला कोनी सांगलं?"

"मी घरं मोजत नाही. तो निबंध आहे."

"निबंद," तो म्हणाला. "खोल्या किती, नवी कोनची, कोनी बांदली. नकाशा पन. साहेब लोक येतात ते हेच लिवून नेतात. तुमी पोरींच्या हातून लिवून घेतलंत, येवढाच फरक."

मग हिराबायने, माझ्याकडे न बघता, मला जे सांगितलं ते संस्थेने आधी सांगायला हवं होतं. या सबंध शहराखालची जमीन या गावांची. शेतं गेली, मिठागरं गेली, राहिली ती घरं. घरांत माणसं वाढली, मुलं लग्नाला आली, खोल्या लागणारच. मागायला गेलं तर परवानगी मिळत नाही, न मागता बांधली तर ती बेकायदा. अधूनमधून एखादा माणूस कागद-पेन्सिल घेऊन गल्लीतून फिरतो, नकाशा काढतो, आणि मग काही दिवसांनी हातोडे घेऊन ट्रक येतो. जी खोली जुनी ती वाचते, नवी ती पडते. म्हणून ओली लाकडं, म्हणून शेंड्या, म्हणून ती फाटकी जाळी. माझी प्राचीन प्रथा ती हीच!

आता माझ्या बाजूने एवढंच सांगते. मी वाढले ती वस्ती सरकारने वादळानंतर बांधलेली. आपल्यापैकी पुष्कळांची घरं तशीच आहेत. आमच्याकडे कागद-पेन्सिल घेऊन माणूस आला म्हणजे घर मिळणार, असा अर्थ. माझी आजी अशा माणसाला खुर्ची द्यायची, सरबत द्यायची. कागदावर घर काढलं की घर जातं, हे मला सुचणार तरी कुठून?

हे मी त्यांना समजावलं. माझ्या इस्त्रीच्या मराठीत ते आणखीच सरकारी वाटलं असणार. धर्मा पाटलाने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. मी कागद दिले. ते त्याने हिराबायकडे दिले, तिने चुलीत सारले. करुणाचं न चुकलेलं वाक्य माझ्यादेखत जळलं. त्यावर आमची भाकरी भाजली आणि ती मला गिळवेना.

"पाव्हनी हाय, घालवायची कशी," हिराबाय धर्माला म्हणाली. म्हणजे घालवायचा विचार झाला होता.

गप्प दिवस

संस्थेच्या लोकांनी फोनवर सांगितलं, "टेन्शन घेऊ नका मॅडम, होईल नीट." त्यांचं ऑफिस सोसायटीत, लिफ्टने जायचं. त्यांना टेन्शन कशाला असेल!

मी सारसोळ्यातच राहिले, पण ते राहणं नव्हतं. हिराबाय वेळेवर वाढायची, बोलायची नाही. मराठी ऐकायला मी समुद्र ओलांडून आले होते आणि भोवती जिभेला कुलूप लावलेलं गाव होतं. कधी सेक्टरांच्या बाजूला जाऊन चहा प्यायचे, तिथे माझ्याशी सगळे हिंदीत बोलायचे. दोनदा मी बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली. परत जाऊन आईला काय सांगणार होते? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आता खरोखरच ट्रक आला तर गाव म्हणणार, हिनेच आणला. मी कितीही शपथा घेतल्या तरी ते म्हणणार, आणि त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

करुणा एकटीच मागच्या खोलीत बसून वाचायची. मी दाराशी गेले की पुस्तक मिटायची. एकदा मिटलं नाही. मान खाली ठेवूनच म्हणाली, "बाई, फळ्यावर लिवून जा. आय बगेल तर मी लिवलं म्हनीन." तेव्हापासून मी सकाळी फळ्यावर काही वाक्यं लिहून निघून जायचे आणि संध्याकाळी त्यांच्याखाली तिची उत्तरं असायची. आमचा वर्ग असा मुक्यानेच चालला.

ट्रक

ट्रक आला तो सकाळी, पुरुष कामावर आणि होड्या खाडीत असताना. ती वेळ त्यांनाही ठाऊक असते. पोलिसांची गाडी पुढे, मागे ट्रकमध्ये घण घेतलेले मजूर. पिवळं यंत्र गल्लीच्या तोंडाशीच अडलं. हिराबाय बाजाराला निघाली होती, ती पाटी तिथेच टाकून परत धावली. बायका दारोदार उभ्या राहिल्या. त्यांची नजर आधी ट्रककडे गेली आणि मग माझ्याकडे. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

पहिली खोली धर्मा पाटलाची पडली. तिचा गिलावा ओला होता, तिथे बोलायला जागाच नव्हती. घणाचा आवाज गल्लीत असा घुमायचा की प्रत्येक घावाला माझे खांदे आपोआप वर जायचे. धर्माची बायको हंडे, गाद्या, देव बाहेर काढत होती आणि मजुरांवर मोठ्याने ओरडत होती. शिव्या मला कळत नव्हत्या, पण अर्थ लागत होता.

मग ते आमच्याकडे आले. साहेब तरुण होता, पश्चिम महाराष्ट्राकडचा असावा. उर्मट नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. तो मागच्या खोलीत शिरला, भिंतीकडे बघितलं, जाळी बाजूला केली आणि नखाने काजळी खरवडली. खाली कोरा गिलावा दिसला.

"मावशी, ही खोली कधीची?"

"माज्या सासऱ्याच्या येळची," हिराबाय म्हणाली.

"भिंत काळी आहे. पण काळी केल्यासारखी काळी आहे." तो दमलेला दिसत होता. "हे बघा, मला ऑर्डर आहे. जुनी असेल तर हात लावत नाही. पण मला कोणीतरी खरं सांगा."

त्याने सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. माझा सलवार-कमीज, चष्मा, हातात पुस्तक. "मॅडम, तुम्ही इथल्या दिसत नाही. शिकलेल्या दिसता. तुम्हीच सांगा, ही खोली केव्हा झाली?"

मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं! त्या गिलाव्याची घमेली मी वाहिली होती. माझे वडील देवळात पोथी वाचायचे. घरात खोटं बोललं की जेवण मिळायचं नाही. माझं तोंड उघडलं आणि काय बाहेर पडणार ते मलाच कळत नव्हतं. हिराबाय माझ्याकडे बघत नव्हती. ती फळ्याकडे बघत होती. माघ तोंडावर आला होता. ही भिंत पडली की मुलाचं लग्नही पडणार होतं, आणि ते आता माझ्या जिभेवर होतं.

"मो पा कोंप्राँ," मी म्हणाले.

आपल्या घरातली क्रिओल. मला समजत नाही.

"काय?"

"मो पा कोंप्राँ, मिस्ये." एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबलेच नाही. आईची तब्येत, फराट्याचं म्हणजे पराठ्याचं पीठ, व्हाक्वातला पाऊस, जे तोंडात आलं ते सगळं क्रिओलमध्ये बोलत सुटले, हातवारे करत, जणू मीच त्याला काहीतरी विचारते आहे.

साहेबाने इंग्रजीत विचारलं. मी दहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवणारी बाई, त्याच्याकडे ढिम्म बघत राहिले. तो हिराबायकडे वळला. "कोण आहे ही?"

हिराबायने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"पाव्हनी हाय. परदेसातली. हिला मराठी नाय येत, सायेब."

"दिसते तर आपल्यासारखी."

"दिसते. पन येत नाय."

माझ्या आयुष्यात माझ्या मराठीबद्दल कोणी काही म्हटलं असेल तर त्यातलं हे मला सगळ्यात जास्त आवडलं, आणि त्याच क्षणी मला रडू आलं. ते मी क्रिओलमध्येच गिळलं.

पण साहेबाचं लक्ष फळ्यावर गेलं होतं. माझ्या अक्षरात इंग्रजी वाक्यं, खाली करुणाची उत्तरं. "मग हे कोण शिकवतं इथे?"

धर्माच्या घराकडे उरलेल्या भिंतीवर अजून घण पडत होते.

"मी," करुणा म्हणाली.

"तू?"

"गावातल्या पोरींना शिकवते."

"वाच बघू."

करुणाने इंग्रजी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. वर्गात तिला उभं केलं की ती ओढणीचं टोक चावायची. ती फळ्याजवळ गेली आणि वाचायला लागली. माझं वाक्य, मग तिचं उत्तर, मग पुढचं वाक्य. मधे एका शब्दाला अडखळली, तेव्हा माझे ओठ हलले असावेत. मी ते दाताखाली दाबले. ती मागे जाऊन तो शब्द पुन्हा नीट म्हणाली आणि शेवटपर्यंत गेली. आवाज आईचाच होता, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेला असेल.

साहेबाने तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्याला खरं कळलं होतं असं मला अजूनही वाटतं. "जुनं बांधकाम," तो बरोबरच्या माणसाला म्हणाला. "लिहा. पुढे चला."

विटा

ते गेल्यावर गल्लीत लाल धूळ बसत होती. आणखी दोन खोल्या पडल्या होत्या. आमची खोली उभी होती, पण कोणाला हसू येत नव्हतं, आणि येऊ नये हेच बरोबर होतं. हिराबाय उंबऱ्यात बसली ती बराच वेळ उठली नाही. करुणाने तिला पाणी दिलं.

दुपारी धर्मा पाटील कामावरून धावत आला. तो पडलेल्या खोलीसमोर उभा राहिला. मग बाह्या दुमडल्या आणि ढिगाऱ्यातून धड राहिलेल्या विटा वेचून एका बाजूला रचायला लागला. बायको हाताखाली, मुलगी हाताखाली. गल्लीतल्या बायकाही एकेक करून येऊन वाकल्या आणि सकाळी आमच्याकडे साहेबापुढे काय झालं ते त्याला सांगू लागल्या.

मला जायची भीती वाटत होती. त्याच्या खोलीचा दोष तो माझ्यावरच ठेवणार, असं वाटत होतं. कागद जळले होते, पण ट्रक आला होता. या दोहोंचा संबंध होता की नव्हता हे मला कधीच कळलं नाही, आणि त्यालाही कळणं शक्य नव्हतं. तरी गेले. ढिगाऱ्याच्या कडेला उभी राहिले आणि माझ्या शुद्ध, इस्त्रीच्या मराठीत म्हणाले, "पाटील, माझ्यामुळे जर हे घडलं असेल, तर—"

सगळ्या बायका थांबल्या. धर्माने मान वर केली. चेहरा धुळीने माखलेला, डोळे लाल.

"हिला मराठी येत नाय," तो बाकीच्यांना म्हणाला. "हिच्याशी बोलून काय फायदा!" मग त्याने माझ्यापुढे हात केला. "ईट दे इकरं."

हिराबाय हसली. मग धर्माची बायकोही, रडता रडता. मी वाकून वीट उचलली, अजून ती ऊनच होती, आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती रचली आणि पुन्हा हात पुढे केला.